कावीळ ‘ब’ची नोंदवही उघडा : गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
गोंदिया

महोदय,

आपल्या जिल्ह्यात माणसाला कावीळ ‘ब’ असल्याचे कळते ते बहुधा दुसऱ्याच कुठल्या कामासाठी रक्त तपासताना. जयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्त दिले आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. पहिलटकरणीचे नाव उपकेंद्रात नोंदले आणि कार्डावर खूण झाली. हर्नियाचे ऑपरेशन ठरले आणि ऐन वेळी तारीख पुढे गेली. मग घरचे लोक दोन-तीन ठिकाणी विचारतात आणि बहुतेकांना एकच उत्तर मिळते : विषाणू झोपलेला आहे, काही करायची गरज नाही. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त होऊन आमगाव तालुक्यात राहतो. हे उत्तर ऐकून निर्धास्त झालेली माणसे मी पुष्कळ पाहिली. त्यांतली काही बऱ्याच वर्षांनी पोटात पाणी होऊन, पायांवर सूज घेऊन, रक्ताच्या उलट्या सुरू झाल्यावर परत आली. तेव्हा ती चाळिशी-पन्नाशीत होती, घर त्यांच्याच कमाईवर चालत होते.

ते उत्तर सगळे खोटे नसते, म्हणूनच ते जास्त फसवते. आपण जिल्ह्याचे प्रमुख आहात, आरोग्याच्या बैठका आपल्यापुढे होतात, म्हणून त्यातले खरे काय आणि अर्धवट काय हे थोडे सविस्तर मांडतो.

कावीळ ‘ब’चा विषाणू अगदी लहान. त्याच्या डीएनएत साधारण ३,२०० अक्षरे. पण तो डीएनएची सरळ नक्कल करत नाही. आधी आरएनए बनवतो आणि त्यावरून उलटा डीएनए लिहितो. हे काम करणाऱ्या त्याच्या विकराला झालेली चूक तपासून दुरुस्त करता येत नाही. जोरात असलेल्या संसर्गात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, त्यामुळे चुका सतत होत राहतात. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. काही मात्र त्याच्या पथ्यावर पडतात.

जन्मताना किंवा अगदी लहानपणी लागण झालेल्या माणसाच्या रक्तात सुरुवातीची अनेक वर्षे ‘ई अँटिजेन’ नावाचे प्रथिन भरपूर असते. शरीर या काळात विषाणूला फारसे हुसकावत नाही. पुढे विशी-तिशीत प्रतिकारशक्ती जागी होते आणि या प्रथिनाची निर्मिती करणाऱ्या विषाणूंवर तुटून पडते. इथे निवड सुरू होते. आपल्याकडे धानाच्या बांधीत रानधान उगवते. दिसायला धानासारखेच, त्यामुळे निंदणातून ते सुटते, आणि दर हंगामात त्याचा वाटा वाढतो. यकृतात असेच घडते. ज्या विषाणूंच्या डीएनएत १८९६ व्या जागेवर ‘जी’चा ‘ए’ झाला, त्यांना ई अँटिजेन बनवताच येत नाही, कारण त्या प्रथिनाचा आराखडा तिथेच तुटतो. प्रतिकारशक्ती ज्यावर धावून जात होती ती खूणच त्यांच्याकडे नाही. बाकीचे मारले जातात, हे उरतात. दुसरा बदल १७६२ आणि १७६४ या दोन जागांवर जोडीने होतो. त्याने ई अँटिजेन कमी होते, विषाणूची वाढ मात्र थांबत नाही.

१९८९ मध्ये हा १८९६ चा बदल पहिल्यांदा नीट उलगडला तो भूमध्य समुद्राकाठच्या, ग्रीस आणि इटलीतल्या रुग्णांमध्ये. आपल्याला त्याचे महत्त्व यासाठी की तिथे या विषाणूचा ‘डी’ प्रकार जास्त आढळतो, आणि भारतातही डी आणि ए हेच मुख्य प्रकार आहेत. पूर्व भारतात त्यांत ‘सी’ची भर पडते. डी प्रकाराची घडण अशी आहे की १८९६ चा बदल त्यात सहज टिकतो. ए प्रकारात तो बहुधा टिकत नाही, तिथे १७६२-१७६४ ची जोडी अधिक दिसते. म्हणजे ई अँटिजेन निगेटिव्ह रिपोर्ट आपल्याकडे नेहमीचा आहे, आणि या एका रिपोर्टमागे दोन अगदी वेगळी माणसे असू शकतात.

एकाच्या शरीराने विषाणूला खरोखरच आवरलेले असते. रक्तात विषाणू नाममात्र, यकृताच्या इजेची खूण असलेले एसजीपीटी वर्षानुवर्षे व्यवस्थित. अशी माणसे खूप आहेत आणि त्यांना घाबरवणे हे पाप आहे. दुसऱ्याच्या यकृतात बदललेला विषाणू काम करत असतो. त्याचे एसजीपीटी कधी चढते, कधी उतरते. उतरलेल्या आठवड्यात रक्त काढले तर रिपोर्ट स्वच्छ येतो. दोघांनाही तेच उत्तर मिळते की विषाणू झोपलेला आहे. एका दिवसाच्या एका रिपोर्टवरून हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे मोजमाप, लागतो, आणि एसजीपीटी पुन्हा पुन्हा, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी बघावे लागते.

तैवानमध्ये ३,६५३ लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तात विषाणू जितका जास्त, तितका पुढे सिरोसिसचा, म्हणजे यकृत घट्ट होण्याचा, आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका जास्त, असे त्यातून दिसले. ई अँटिजेन निगेटिव्ह आणि एसजीपीटी नॉर्मल असलेल्यांतही हा संबंध सुटला नाही. बदलांविषयी एक खुलासा करायला हवा. १८९६ च्या बदलाने आजार किती वाढतो यावर अभ्यासांचे एकमत नाही. १७६२-१७६४ च्या जोडीचा सिरोसिस आणि कर्करोगाशी असलेला संबंध मात्र वेगवेगळ्या देशांतून पुन्हा पुन्हा पुढे आला आहे. म्हणून या विषाणूची अक्षरे वाचणारी महागडी चाचणी गोंदियात आणा, असे माझे मागणे नाही. उपचार सुरू करायचा की नाही हे ठरवायला व्हायरल लोड, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि सोनोग्राफी बहुतेक वेळा पुरते. मागणे एवढेच की ते एकदा करून सोडून देऊ नये.

बदललेला विषाणू काय करू शकतो हे आपल्या शेजारच्या राज्याने पाहिले आहे. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा परिसरात कावीळ ‘ब’ची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. कावीळ ‘ब’मध्ये एवढे मृत्यू एकदम होणे नेहमीचे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा तपास केला. त्यांच्या निष्कर्षात दोन गोष्टी एकत्र आल्या : नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंज, आणि हेच दोन्ही प्रकारचे बदल झालेला विषाणू. मोडाशाची आठवण मी मुद्दाम देतो. आपल्याकडे अजूनही ताप आला की सुई टोचून घेतल्याशिवाय बरे वाटत नाही अशी समजूत आहे. ती सुई कुणी, कुठली, कितव्यांदा वापरली हे विचारले जात नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत, जत्रेत एकाच सुईने पोरे ओळीने हातावर नाव गोंदवून घेतात. हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. बोगस डॉक्टरांवर कारवाई होते तेव्हा ती फसवणुकीच्या प्रकरणासारखी होते. सुईच्या प्रश्नाकडे त्यात कुणाचे लक्ष जात नाही.

औषधांच्या बाबतीतही याच बदलांनी एक धडा दिला आहे. १९९८ च्या सुमाराला लॅमिव्हुडिन हे गोळीचे औषध आले. स्वस्त, त्रास नाही, परिणाम लगेच दिसणारा. पण विषाणूने आपल्या विकरात २०४ व्या ठिकाणी बदल करून त्यावर मात केली. पाच वर्षे हे एकटे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या शरीरात हा बदललेला विषाणू तयार झाला. आज टेनोफोव्हिर आहे. त्याला दाद न देणारा विषाणू इतक्या वर्षांच्या वापरानंतरही व्यवहारात अडचण करण्याइतका कुठे पसरलेला नाही. ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. पण टेनोफोव्हिर विषाणूला दाबून ठेवते, मुळासकट काढत नाही. यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याचा मूळ डीएनए वळकटी होऊन बसलेला असतो. गोळी मनाने बंद केली की तो पुन्हा उसळतो, कधी जीवघेणा. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून गोळ्या आणायला जाणे राहिले, कामासाठी नागपूर-हैदराबादकडे गेले आणि महिनाभर डबी रिकामी राहिली, असे आपल्याकडे सहज होऊ शकते. म्हणून औषध जिल्हा ठिकाणी फुकट मिळते एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. ते देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या माणसाला त्याच्या तालुक्यात, तीन महिन्यांचे एकदम मिळायला हवे.

राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. या विषाणूचा शोध लावणारे आणि १९७६ चे नोबेल मिळवणारे बारुख ब्लुमबर्ग यांची ती जन्मतारीख. या कार्यक्रमात तपासणी मोफत, टेनोफोव्हिर आणि एंटेकाव्हिर मोफत, बाधित आईच्या बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, मोफत. कागदावर कमी काही नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग होता, त्यांपैकी १३ टक्क्यांनाच तो असल्याचे माहीत होते आणि ३ टक्के औषधावर होते. भारतात हे लोक २.९८ कोटी, म्हणजे शंभरात सुमारे दोन. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती. देशाचे प्रमाण इथे लावले तर आकडा पंचवीस हजारांच्या पुढे जातो. हा केवळ हिशेब आहे, मोजणी नव्हे. खरी मोजणी करणे हे आपल्या हातात आहे.

आणि ती करायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. सिकलसेलसाठी आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे रक्त तपासले जात आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने आदिवासी भागात चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाला तपासायचे ठरवले आहे. त्याच हाताला, त्याच बोटाला, त्याच वेळी कावीळ ‘ब’ची जलद चाचणी का करू नये? कर्मचारी तोच, प्रवास तोच, संमती एकदाच घ्यायची. कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज येतो. तिथे आरोग्य शिबिर लागते तेव्हा हीही चाचणी त्यात असू शकते. व्हायरल लोडचेही तसेच. क्षयरोगासाठी गावोगाव पोहोचलेले ट्रूनॅट यंत्र, जे गोव्यातल्या कंपनीने बनवले आहे, त्यावर वेगळी चिप लावून कावीळ ‘ब’चा व्हायरल लोड मोजता येतो. यंत्र दिवसातून काही तास रिकामे असेल तर चिप आणण्याचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होऊ शकतो. त्या समितीचे आपण सदस्य सचिव आहात, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहिले.

बाळांविषयी लिहिताना माझा हात थोडा जड होतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वद बाळांत हा संसर्ग कायमचा राहतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरांत पाचही नाहीत. म्हणजे पुढची सगळी गोष्ट, तो बदललेला विषाणू, ते सिरोसिस, बहुतांशी पहिल्या चोवीस तासांत ठरते. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत एक डोस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लशीतून तीन. बाधित आईच्या बाळाला त्याबरोबर बारा तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर गरोदरपणातच टेनोफोव्हिर. एवढे झाले की बाळ सुटते. आई त्याला अंगावर पाजू शकते. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना लस दिली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. लशीला चुकवणारा १४५ व्या जागेचा बदल १९९० पासून माहीत आहे, पण तो क्वचित दिसतो आणि लस टाळायचे ते कारण अजिबात नाही.

आपल्याकडे पहिला डोस चुकतो तो साध्या गोष्टींनी. बाळंतपण घरी झाले, पावसात रस्ता बंद, आशाताई तिसऱ्या दिवशी पोहोचली. किंवा एका बाळासाठी दहा डोसांची कुपी फोडायची कशी, या विचाराने सिस्टर थांबली. खरे म्हणजे उघडलेली कुपी नियम पाळून चार आठवडे वापरता येते. हे प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावावे. तिसरे कारण आपल्या जिल्ह्याचे खास आहे. बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, आणि आपल्याकडे माहेर बालाघाटला, डोंगरगडला, राजनांदगावला असते. गोंदियात तिची तपासणी झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि राज्याची सीमा ओलांडताना तो कागद इथेच राहिला. तिकडच्या दवाखान्याला काही माहीत नाही. बालाघाट आणि राजनांदगाव या दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी आपण एकदा बोललात, आईच्या हातात ठळक खुणेचे कार्ड दिले, आणि इथल्या आशाताईने सातव्या महिन्यात फोन करून खात्री केली, तर हे थांबेल.

लोकांच्या मनातली भीतीही मोठी अडचण आहे. ताट वेगळे, पेला वेगळा, सुनेला माहेरी पाठवणे, हे सारे मी ऐकले आणि पाहिले आहे. सोबत जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, मिठी मारल्याने हा आजार लागत नाही. रक्तातून, असुरक्षित संबंधातून, आईकडून बाळाला, एकाच ब्लेडने दाढी केल्याने लागतो, आणि घरातल्या बाकीच्यांना लस दिली की तीही काळजी उरत नाही. दुसरीकडे कावीळ उतरवणाऱ्याकडे जाणारे आहेत. डोळे पिवळे झाले नाहीत म्हणजे कावीळ गेली असे ते समजतात. या आजारात वर्षानुवर्षे डोळे पिवळे होतच नाहीत. आणि मोहाची दारू याला मदतच करते. यकृत आतून घट्ट होत असताना वरून रोज दारू पडली तर सिरोसिसची वाट फार लवकर कापली जाते. हे सांगणारा माणूस गावातलाच असावा, वरून आलेला नको.

एक गोष्ट मात्र आपल्याशिवाय कुणी करू शकणार नाही. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद निक्षय या पोर्टलवर होते, औषध चुकले तर कुणीतरी फोन करते. कावीळ ‘ब’साठी तशी एक नोंदवही आपल्या जिल्ह्यात हवी. रक्तपेढीत, प्रसूतिगृहात, शस्त्रक्रियेआधी, सिकलसेलच्या शिबिरात जो जो पॉझिटिव्ह निघाला, त्याचे नाव त्याच्या संमतीने, गुप्तता राखून तीत यावे, आणि दर सहा महिन्यांनी त्याला बोलावणे जावे. त्याचा ई अँटिजेन रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी जावे, त्याला काहीही त्रास नसला तरी जावे. चाळिशी ओलांडलेल्यांची आणि सिरोसिस असलेल्यांची सोनोग्राफीही सहा महिन्यांनी व्हावी. कर्करोग लहान असताना सापडला तर काढता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये उपचाराचे निकष सैल केले आहेत. एसजीओटी आणि प्लेटलेट या दोन साध्या आकड्यांवरून यकृत किती घट्ट झाले याचा अंदाज काढून औषध सुरू करता येते. हे दोन आकडे ग्रामीण रुग्णालयात मिळतात. मोठ्या शहरातल्या यंत्राची वाट पाहत माणसाला १३० किलोमीटरवर नागपूरला पाठवायची गरज प्रत्येक वेळी नसते.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले विद्यार्थी आणि प्राध्यापक या नोंदवहीवर काम करू शकतात. आपल्या भागात विषाणूचा कुठला प्रकार आहे, कुठले बदल त्यात आहेत, कुणाचा आजार किती वेगाने वाढतो, हे पाच-दहा वर्षांनी गोंदियाचे गोंदियालाच कळेल. आज तैवान आणि ग्रीसच्या आकड्यांवर आपल्याला आपल्या माणसांविषयी अंदाज करावे लागतात.

महोदय, माझी मागणी थोडक्यात आणि स्पष्ट आहे. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत कावीळ ‘ब’ हा विषय घ्यावा. जिल्ह्यात गेल्या वर्षी किती गरोदर मातांची तपासणी झाली, किती बाळांना चोवीस तासांत डोस मिळाला, पॉझिटिव्ह निघालेल्या किती जणांचा व्हायरल लोड झाला आणि त्यांपैकी किती सहा महिन्यांनी परत तपासले गेले, हे चार आकडे तालुकावार जाहीर करावेत. आणि ते दर सहा महिन्यांनी जाहीर होत राहावेत.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
आमगाव तालुका, जि. गोंदिया